अर्धवट ठेवलेली कामं

१

जयराम गांगुर्ड्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे नाशिक रोडच्या त्या कॉलनीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. नळ गळतोय, बोलवा जयरामभाऊंना. मिक्सर अडकलाय, जयरामभाऊ. विहारातला माईक ऐन वंदनेच्या वेळी शिट्टी मारतोय, जयरामभाऊ कुठायत? सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर माणूस घरात कमी आणि लोकांच्या दारात जास्त असायचा. सकाळी दूध आणायला गेलेले जयरामभाऊ दुपारी भलत्याच कुणाचा पंखा दुरुस्त करून परतायचे, आणि दूध राहिलेलं असायचं खालच्या सिंधुबाईंच्या फ्रीजमध्ये.

त्यांची मुलगी साक्षी यावर चिडायची, पण खरं सांगायचं तर असल्याच माणसांवर तिचं पोट होतं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, मिठाईच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये तिचं ऑफिस होतं. तिथे ती, दिनेश आणि त्यांचा साहेब अमित असे तिघं मिळून एक भला मोठा गेम रचत होते. डोंगर, नदी, गावं, बाजार असलेलं अख्खं जग. खेळणाऱ्याने त्यात वाटेल तिथे भटकावं. एक मुख्य गोष्ट, आणि तिच्या आजूबाजूला ढीगभर किरकोळ कामं. कुणाची शेळी शोधून द्या, कुणाच्या विहिरीतली कळशी काढा. या किरकोळ कामांना त्यांच्या धंद्यात साइड क्वेस्ट म्हणतात. ती कामं आणि मुख्य गोष्ट यांचा तोल राखणं ही साक्षीची नोकरी.

आणि तोल काही राहत नव्हता. ज्याला म्हणून खेळायला द्यावं तो शेळ्या शोधण्यात रमायचा. मुख्य गोष्ट नदीपाशी ताटकळत राहायची. गेमचं जग तसं फार सोशीक असतं. पलीकडचं गाव पेटलंय म्हणून सांगा, आणि नायकाला महिनाभर कळश्या काढत बसू द्या. तो पोचेपर्यंत गाव जळायला थांबून राहतं.

“साक्षी, आपला हिरो गुराखी झालाय गं,” अमित म्हणाला. “स्टोरीकडे कुणी फिरकतच नाही. काहीतरी कर.”

२

साक्षीने केलं. माणूस गोष्टीकडे जात नसेल तर गोष्टच माणसाकडे आणायची, असं तिने ठरवलं.

तिला आठवला पणजोबांचा किस्सा. सायखेड्याकडच्या त्यांच्या मूळ गावी कुणी मेलं की परगावच्या नातलगांना कळवायचं काम पणजोबांच्या गळ्यात असे. ते काम त्यांच्या जातीवर लादलेलं होतं. ऊन असो, चिखल असो, खांद्यावर घोंगडी आणि हातात घुंगरू बांधलेली काठी घेऊन चालत जायचं. दारात गेलं तरी उंबरा ओलांडायचा नाही, बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. उभ्या उभ्या सांगावा सांगायचा आणि मागे फिरायचं. पुढे धर्मांतर झालं, आजोबांनी गावकीची सगळी कामं टाकली, आणि त्यात पहिलं टाकलं ते हे. काठी त्यांनी गोदावरीत सोडली होती म्हणे.

साक्षीने तोच माणूस गेममध्ये आणला. नाव ठेवलं निरोप्या. सुरुवातीला तो दूर नदीच्या उतारापाशी उभा असेल. खेळणाऱ्याने एखादं किरकोळ काम पूर्ण केलं की तो काही पावलं पुढे येईल, आणखी एक केलं की आणखी पुढे. आणि एक दिवस तो खेळणाऱ्याच्या दारात येऊन उभा राहील आणि निरोप सांगेल. तिथून मुख्य गोष्ट सुरू. दिनेशने काठीचा आवाज तयार केला. आधी ठक्, मग घुंगराचं एक खुळखुळणं. अमित तर जागेवरून उठून टाळ्या वाजवायला लागला.

निरोप काय असेल हे मात्र ठरत नव्हतं. साक्षीने निरोपाची ओळ सध्या कोरी ठेवली. कुणाच्या मरणाची बातमी, ते पुढे बघू.

घरी तिने हे मोठ्या हौसेने सांगितलं, तर पप्पांचं तोंड उतरलं.

“ते काम आपण टाकलं होतं, साक्षू,” ते म्हणाले. “तू कशाला परत काढलंस?”

“पप्पा, गेम आहे. लोकांना कळू दे ना आपल्या माणसांनी काय काय सोसलं.”

“सोसलेलं सांग की. माणूस कशाला उभा केलास?”

तिला ते आवडलं नाही. ती थोडी फणकारलीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी तिनेच जुन्या कॉम्प्युटरवर गेम टाकून पप्पांपुढे ठेवला, कारण किरकोळ कामांत त्यांच्याइतका रमणारा माणूस तिला शोधून सापडला नसता. आणि पप्पांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

३

आठवडाभर पप्पा खेळले. संध्याकाळी साक्षी घरी आली की आतल्या खोलीतून शेळीचं बें बें आणि बाजाराचा गलका ऐकू यायचा. मधूनच ठक्, खुळ्ळ. ती हसायची आणि चहा ठेवायची.

मग एक दिवस अमितने तिला बोलावलं. “हा तुझ्या घरचा खेळाडू काय करतोय, बघ तरी.”

साक्षीने खेळाची ऑफिसात येणारी नोंद पाहिली. पहिली काही कामं पप्पांनी झटपट पुरी केली होती. नंतर मात्र त्यांनी गावोगावची सगळी कामं हातात घेतली होती आणि एकही संपवलं नव्हतं. शेळी शोधून, मालकिणीच्या दारापर्यंत आणून, तिथेच सोडून दिलेली. कळशी विहिरीच्या काठावर. प्रत्येक काम अगदी शेवटच्या पायरीवर येऊन थांबलेलं. खेळता न येणारा माणूस असा थांबत नाही. हे कुणीतरी ठरवून केल्यासारखं दिसत होतं.

“पप्पा, त्या बाईला तिची शेळी द्या ना,” संध्याकाळी ती म्हणाली. “दारातच तर उभी आहे बिचारी.”

“राहू दे.”

“अहो पण काम पुरं केल्याशिवाय निरोप्या पुढे कसा येईल?”

पप्पांनी चष्मा काढून बनियनला पुसला. “मी गेलो होतो त्याच्याकडे. म्हटलं, तो कशाला येतो, आपणच जाऊन विचारू. त्याने सांगितलं मला.”

“काय सांगितलं? त्याला मी अजून बोलायला काही दिलेलंच नाही.”

“मग नसेल सांगितलं,” पप्पा म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद करून उठले.

त्यांचं जेवण त्या दिवशी अर्धंच झालं. साक्षी भांडी घासत होती, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. ठक्. आणि घुंगरू. ती ओल्या हातांनी आत गेली. पडदा काळा होता, मागचं बटण बंद होतं, आणि पप्पा खिडकीशी उभे राहून खाली रस्त्याकडे बघत होते.

“कुठून आला आवाज?” तिने विचारलं.

“कसला?” पप्पा म्हणाले. पण त्यांनी खिडकी लावून घेतली.

४

संशय साहजिकच दिनेशवर गेला. दिनेश म्हणजे चेष्टेखोर प्राणी. मागे त्याने गेममधल्या एका कोंबड्याला अमितचा आवाज दिला होता. साक्षीने सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं ते त्याला झापायलाच.

“माझ्या वडिलांच्या तब्येतीशी खेळू नकोस, दिन्या. काय लिहिलंस त्या निरोपात?”

“आईशप्पथ, हात पण लावला नाही मी.”

“मग त्यांना कुणी सांगितलं?”

दिनेशने तिच्यासमोर सगळं उघडून दाखवलं. निरोपाची ओळ कोरी होती. तिने घरून आणलेली पप्पांची प्रतही तपासली, तिथेही कोरी. दिनेशचा चेहरा इतका गोंधळलेला होता की तो खोटं बोलत असेल तर त्याने नाटकात जायला हवं होतं. पण मग काय उरतं? पप्पांना भास झाला असेल. वय झालं की कानात आवाज होतात, म्हणतात. खिडकीखाली कुणी काठी टेकत गेला असेल. कॉलनीत म्हातारे काही कमी नाहीत, आणि समोरच्या दारातले गोटीराम काका तर काठीशिवाय चालतच नाहीत.

गोटीराम काकांच्या काठीला खाली रबर आहे आणि तिचा आवाज होत नाही, हे तिला दुपारी डबा खाताना आठवलं. तिने डबा तसाच बंद केला.

५

रविवारी सकाळी जिन्यात सिंधुबाईंनी तिला अडवलं.

“साक्षी, तुझ्या बापाला झालंय तरी काय? नळ खोलून ठेवला, वायसर हातात घेतलं, आन् म्हणे, येतो नंतर. चार दिवस झाले, नळाला फडकं बांधून बसलीये मी. असं कधी करत नाय जयरामभाऊ.”

“विसरले असतील, मावशी.”

“विसरत्यात कुठं? काल म्या आठवण केली तर डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. म्हणे, वहिनी, हात जोडतो, राहू द्या तेवढं.” सिंधुबाई जवळ सरकल्या. “आन् तो माणूस कोण गं? खाली गेटापाशी उभा असतो. तुमचे गाववाले का? म्या इचारलं, पाणी देऊ का, तर नको म्हणून मान हलवली.”

“कसा माणूस?”

“असाच. घोंगडीवाला. नीट बघितलं नाय बाई, ऊन तोंडावर होतं.”

साक्षी गेटापर्यंत जाऊन आली. भाजीची गाडी होती, दोन कुत्री होती. घोंगडीवाले मेंढरं घेऊन या दिवसांत जातातच की रस्त्याने, असं तिने स्वतःला बजावलं. तिला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मग ती विहारात गेली. माईकची पेटी उघडी, वायर जोडलेल्या, झाकण तेवढं बसवायचं राहिलेलं. गोटीराम काकांकडे डोकावली. पेन्शनसाठी त्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून पाठवायचा होता. पप्पांनी सगळी माहिती भरून दिली होती आणि काकांचा फोटो काढायच्या वेळेला उठून गेले होते.

म्हातारपणी माणसांचं डोकं असंच हळूहळू जातं, हे तिने वाचलेलं होतं. हातातलं काम मध्येच सुटतं, नसलेले आवाज येतात, रडू येतं. पाच वर्षांपूर्वी आई गेली, चांगुणाबाई. आता हा एकच माणूस उरला होता तिला, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत हातातून निसटत चालला होता.

“पप्पा, आपण डॉक्टरकडे जाऊ,” दुपारी ती म्हणाली. “भीती वाटते का तुम्हाला? तो निरोप्या तुम्हाला न्यायला येतोय, असं वाटतं का?”

पप्पा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. नुसतं बघणं, लहानपणी तिला ताप आला की बघायचे तसं.

“तुझी आई गेली तेव्हा मी कुठे होतो, आठवतं?” त्यांनी विचारलं.

तिला आठवत होतं. घोटीजवळ एसटीला अपघात झाला तो सकाळी. सगळ्या कॉलनीला कळलं, फक्त पप्पांना नाही. ते मोबाइल घरी विसरून देवळालीला कुणाची तरी मोटर बसवायला गेले होते. संध्याकाळी हसत हसत घरी आले, हातात आईसाठी आणलेली मेथीची जुडी होती.

“लोक हळहळतात, की बिचाऱ्याला सगळ्यात शेवटी कळलं,” पप्पा म्हणाले. “पण साक्षू, तेवढा दिवस माझ्यासाठी ती होती. मी मोटर बसवत होतो आणि ती होती. कळलं, तेव्हा गेली.”

साक्षीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सोमवारी डॉक्टरची वेळ घ्यायची, हे मात्र तिने पक्कं केलं.

६

आणि तोवर लोकांची कामं अडकून का राहावीत? उद्या कुणी म्हणायला नको की जयरामभाऊंचं डोकं फिरलं. माणसाने उभ्या आयुष्यात कमावलं काय, तर कॉलनीतला शब्द. तो तरी जाऊ द्यायचा नाही, म्हणून पप्पा दुपारी आडवे झाले तशी त्यांची पिशवी उचलून साक्षी बाहेर पडली. तिला तर आपण बापाचं नाव राखतोय याचा अभिमानच वाटत होता.

सिंधुबाईंच्या नळाला तिने वॉशर बसवलं. तोटी आवळली, थेंब थांबला. सिंधुबाईंनी तिच्या गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. तेवढ्यात खालच्या बाजूला काहीतरी वाजलं.

“काय हो ते?”

“काय?” सिंधुबाई म्हणाल्या.

विहारात तिने झाकणाचे स्क्रू पिळले. माईकवर फुंकर मारून पाहिली. स्वच्छ आवाज आला. आणि फुंकरीच्या मागोमाग त्याच कर्ण्यातून, अगदी हलका, दुसरा आवाज आला. ठक्. खुळ्ळ. विहारात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिने पेटी बंद केली. ओळखीचा आवाज डोक्यात बसतो, महिनाभर रोज ऐकतोय आपण, तो ऐकू येणारच, असं ती मोठ्याने म्हणाली. मोठ्याने म्हणायची गरज का पडली याचा विचार तिने केला नाही.

शेवटी गोटीराम काका. दुपार कलली होती. काका खुर्चीत ताठ बसले, तिने मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

“डोळे मिचकावा, काका. हां, परत एकदा.”

“जिवंत आहे हे सांगायला काय काय करावं लागतं बघ,” काका कुरकुरले.

हिरवी खूण आली. दाखला गेला. काका काठी टेकत तिला दारापर्यंत सोडायला आले. रबर जमिनीवर निमूट बसत होतं. आणि तरीही जिन्यात काठी वाजली. खालच्या वळणावर. एक पायरी, मग दुसरी. इतकी सावकाश की चढणाऱ्याला दम लागत असावा असं वाटावं.

साक्षीने कठड्यावरून वाकून पाहिलं नाही. समोरचंच तर दार होतं. ती चटकन घरात शिरली आणि कडी लावली.

७

पप्पा उठून बसले होते. त्यांच्या नजरेस आधी तिच्या हातातली पिशवी पडली.

“कुठे गेली होतीस?”

“तुमची कामं आटोपून आले,” ती म्हणाली. “सगळी. नळ, माईक, काकांचा दाखला.”

“पुरी केलीस?”

“हो.”

पप्पांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत.

“मी म्हटलं, अर्धी ठेवावीत,” ते म्हणाले. “गेममध्ये ठेवली तर तिथे थांबला. मग मी कॉलनीतल्या त्या समाधानचा पंखा दुरुस्त करून दिला, तर इथे गेटाशी आला. म्हणून सगळंच अर्धं ठेवलं. लोक नावं ठेवतील, ठेवू देत म्हटलं.”

“पप्पा, तुम्हाला काही होणार नाही. मी आहे ना. उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

“मला काही होणार नाहीच, साक्षू.” त्यांनी तिचा हात धरला आणि तो सोडेनात. “माझ्या आजाने जन्मभर सांगावे पोचवले. सांगावा मेलेल्याच्या दारात नाही जात. मागे राहिलेल्याच्या दारात जातो.”

काठी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाजली. घुंगरू जरा हललं आणि गप्प झालं. दारावर कुणी थाप मारली नाही. त्या माणसांनी दाराला हात लावायचा नसे, हे तिला माहीत होतं. तिनेच तसं लिहिलं होतं.

“नका उघडू,” ती पुटपुटली.

“नाही उघडलं तर तो हाक मारेल. हाकेत नाव असेल,” पप्पा म्हणाले. ते उठले. तिला पाठीमागे घेऊन दाराशी गेले आणि कडी काढली.

पप्पांच्या खांद्याआडून साक्षीला थोडंच दिसलं. घोंगडीची कड. नडगीपर्यंत धुळीने माखलेले पाय, खूप लांबून आल्यासारखे. काठी धरलेला हात. आणि त्या हाताची बोटं पप्पांच्या बोटांसारखी होती, नखं रुंद, अंगठा थोडा बाहेर वळलेला. चेहरा तिने पाहिला नाही. चेहऱ्याच्या उंचीवर पप्पांचं डोकं होतं, आणि ते तिने आयुष्यात प्रथमच इतकं ताठ पाहिलं.

“बोलू नका,” पप्पा म्हणाले. शब्द खणखणीत होते. “हे बघा, ती इथेच आहे. माझ्या मागे उभी आहे. धडधाकट आहे. तुम्ही लवकर आलात.”

सिंधुबाईंच्या घरात टीव्ही चालू होता, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी वाजत होती. काठी जागेवर किंचित फिरली, आणि साक्षीला कळलं की तो पप्पांच्या खांद्यावरून तिच्याकडे बघतोय. सरळ नाही; दुकानात माल आलाय का हे बघावं, तेवढंच. मग धुळीने माखलेले पाय एक पाऊल मागे सरले, वळले, आणि कठड्याच्या बाजूला जाऊन थांबले. ते जिना उतरले नाहीत. घोंगडी खांद्यावरून काढून खाली अंथरल्याचा आवाज आला.

पप्पांनी दार लावलं. कडी घातली, वरचा बोल्ट सरकवला, खुर्ची आणून लावली. साक्षीने विचारलं, “गेला का?” आणि पप्पांनी मान हलवली, नाही म्हणून.

सोमवारी ऑफिस नऊला होतं. खाली उतरायला जिना तो एकच होता.